मस्कतची बोलणी

इंटरव्ह्यू आहे हे आईला सांगायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. पण ऐन इंटरव्ह्यूच्या वेळी तिनं मिक्सर लावू नये म्हणून सांगावं लागलं. (मिक्सर लावू दिला असता, तर आज मी मस्कतला असतो.)

मी नववीतून शाळा सोडली. शाळेनं अडवलं नाही. पुढे आखाडा बाळापूरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात झाडू मारता मारता दुरुस्ती शिकलो. आज बाजारातल्या निम्म्या दुकानांचे कॅमेरे आणि वाय-फाय मी बसवलेले आहेत. त्यातले बरेचसे चालतातही. पण कुठेही अर्ज केला की पहिला प्रश्न डिग्रीचा. मस्कतच्या एका कंपनीनं मात्र तो विचारला नाही. त्यांना ऑफिसातले कॉम्प्युटर, वायरिंग, कॅमेरे सांभाळणारा माणूस हवा होता आणि नुसता अनुभव चालणार होता. अशी जागा माझ्यासारख्याला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला कळत होतं आणि प्रियंकालाही. प्रियंका म्हणजे माझी बायको. ती बारावी पास आहे, पण ते ती रोज काढत नाही. सणावाराला काढते.

तिनं माझ्याकडून इंग्रजी पाठ करून घेतलं.

"माय नेम इज म्हणताना खाली काहून बघता?"

"सवय हाय."

"समोर बघा. मीच तुमची साहेब हाय असं समजा."

"मग तर खालीच बघावं लागंल," मी म्हणालो.

आईनं सगळं ऐकून घेतलं, मिक्सर बंद ठेवला आणि मागच्या दारी जाऊन शिरड शहापूरला तिच्या भावाला फोन लावला. सोनाजी मामांना विचारल्याशिवाय आमच्या घरात म्हैससुद्धा घेत नाहीत. सोयरिकी जमवण्यात तर त्यांचा हात कुणी धरत नाही. माझं लग्नही त्यांनीच जमवलं. त्या बैठकीत सगळं मामा बोलले आणि मी मान खाली घालून सतरंजीचे पट्टे बघत बसलो. आमच्याकडची पद्धतच आहे ती. बोलणी वडीलधाऱ्यांनी करायची. पोरानं तोंड उघडलं, की पोरगं उथळ ठरतं.

इंटरव्ह्यूच्या आधी अर्धा तास मामा हजर. पांढरे कपडे, डोक्याला नवा रुमाल.

"एकटाच बसून राहिला का रे?"

"मामा, इंटरव्ह्यू एकट्यानंच देत असतेत."

"इतक्या लांबची गोष्ट, अन् लेकराला एकटं बसवायचं? त्यायला वाटंल, ह्याला मागंपुढं कुणी न्हाई."

मी मदतीसाठी प्रियंकाकडे पाहिलं. ती पदर सावरून आत गेली. (मामांसमोर ती बोलत नाही. तो अनुशेष माझ्यासमोर भरून काढते.) आईनं तेवढ्यात पोहे आणून ठेवले. मामा माझ्या शेजारी मांडी घालून बसले आणि लॅपटॉपवर कंपनीचे खलील साहेब दिसू लागले. मूळचे हैदराबादचे, अंगात कोट. समोर एका उमेदवाराऐवजी दोन माणसं आणि पोह्यांच्या प्लेटा बघून ते जरा गोंधळले.

मी "माय नेम इज" पर्यंत आलो आणि मामा खाकरले. माझी मान आपोआप खाली गेली. नाव मामांनीच सांगितलं. गाव, शेती आणि आजोबांचं नावही सांगितलं.

"आप कौन?" साहेबांनी विचारलं.

"मैं लडके का मामा. जो पूछना है, मेरेकू पूछो."

आमच्या भागात हिंदी येत नाही असं कुणी म्हणत नाही. निजामानं जाताना ती इथेच ठेवली. साहेबांनाही ती घरची वाटली असावी, कारण त्यांनी इंग्रजी सोडलं ते सोडलंच.

"लडके कू नेटवर्किंग आता?"

"पूरे बाळापूर में इसकाच नेटवर्क है. और सुपारी के खांड की बी आदत नै."

"राउटर का सेटिंग करता?"

"हौ, करता. और बडों के सामने बोलता नै."

"येस सर," मी जमिनीकडे बघत म्हणालो. मामांनी मांडीला चिमटा काढला.

मग मामांनी आमच्या बाजूनं चौकशी सुरू केली. कंपनीची जागा स्वतःची का भाड्याची? मालकाला भाऊ किती? वाटण्या झाल्या का? साहेब बिचारे माहीत असेल तेवढं सांगत होते.

"और खाने का बंदोबस्त?"

इथे साहेबांनी उसासा टाकला. कामगारांच्या राहायच्या जागेत मेस होती, पण पोरं रोज भांडत. कधी डाळ पातळ, कधी भात कच्चा. आचारी टिकत नव्हता.

"जो लडका ज्यादा बोंबलता, उसकेच हात में बादली देव," मामा म्हणाले. "हमारे इधर पंगत में जो आमटीकू नाव रखता, उसकूच वाढने कू लगाते. उसका जेवन सब के बाद. दूसरे दिन से उसकू सब गोड लगता."

साहेब गंभीर झाले. माझी नोकरी बाजूला राहिली आणि बराच वेळ मस्कतच्या डाळीवर चर्चा झाली. मी पोहे खाल्ले.

शेवटी साहेब हसले. "अच्छा मामू, लडका सीधा है. इसके काम के फोटो बी देखा मैं. मेरी तरफ से पक्का. आजच ऑफर भेज दूं?"

आतून दाराची कडी वाजली. प्रियंका होती. मी बैठकीत आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली आणि हो म्हणायला तोंड उघडलं. मामांचा हात माझ्या मांडीवर येऊन बसला.

"इतनी घाई नै," मामा म्हणाले. "घर में विचार करके कळवते. और बी दो-तीन जगह से बात चालू है."

साहेबांचा चेहरा उतरला. "जैसी आपकी मर्जी," म्हणाले, आणि लॅपटॉपवर पुन्हा आमच्या लग्नाचा फोटो दिसू लागला.

"मामा, ते व्हय म्हणून राहिले होते की."

"म्हून तर. पैल्याच बैठकीत आपन व्हय म्हणलं, की समोरच्याला वाटतं पोरात खोट हाय. आता बघ, तेच मागं लागतेत का न्हाई. तुझ्या सासऱ्याला मी तीनदा परत लावलं होतं."

मामा गेल्यावर प्रियंका बाहेर आली. "तीनदा आमीच न्हाई म्हणलं होतं," ती म्हणाली आणि प्लेटा उचलल्या.

साहेब काही मागं लागले नाहीत. दोन दिवसांनी, प्रियंकानं नंबर लावून मोबाइल माझ्या कानाला धरल्यावर, मी त्यांच्याशी बोललो.

"बेटा, मामू बोले दूसरी जगह बात चल रै. मैं दूसरा लडका रख लिया."

"सर, दूसरी जगह कुछ नै था."

"तो उसी वक्त बोलना था ना?"

माझी मान फोनवरही खाली गेली. पुढे तेच म्हणाले, "तुम्हारे मामू क्या करते? वो बादली वाली बात गजब निकली. लडके चुप बैठके खा रै. इन पोट्टों कू संभालने मेरेकू ऐसाच बुजुर्ग होना. पूछो उनकू, आते क्या?"

मी मामांना फोन लावला. मनात हिशोब होता, की मामा चार दिवस विचार करणार, साहेबांना दोनदा परत लावणार, आणि तेवढ्यात आपण साहेबांकडे पुन्हा आपलं घोडं पुढे दामटायचं.

"कवा निघायचं?" मामा म्हणाले.

त्यांच्या पासपोर्टचा अर्ज मीच भरला. व्हिडिओ कॉल कसा लावायचा तेही मीच शिकवलं. आता मस्कतच्या ऑफिसात प्रिंटर अडला, कुणी पासवर्ड विसरला, कॅमेऱ्यात चित्र दिसेनासं झालं, की मामा मला कॉल लावतात. तिथल्या नव्या पोराला कशाला तकलीफ द्यायची, आपलं घरचं पोरगं हाय की, असं त्यांचं म्हणणं. मी बाळापुरात बसून एकेक दुरुस्त करून देतो.

"बघ, शेवटी गल्फचं आयटीचं काम मिळालंच," मी प्रियंकाला म्हणालो.

"पगार कवा होतो?"

पगार झाला, गेल्या आठवड्यात. मामांनी गावाकडं येणाऱ्या एका पोराच्या हाती खजुराचा डबा पाठवला. तोही आईच्या नावानं.