रिपोर्टासाठी टीव्ही बंद

धनेशचा पाय प्लास्टरात होता आणि जीव टांगणीला. वसई पूर्वेच्या पंपांच्या कारखान्यात रोज सकाळी एक्सेलचा रिपोर्ट काढणं हे त्याचं काम. ऑफिसात बसून रिफ्रेशचं बटण दाबलं की कंपनीच्या डेटाबेसमधून आकडे भराभर येत. वटारच्या घरून इंटरनेटवर तेच आकडे वाटेत कुठेतरी बसकण मारत. दोन दिवस रिपोर्ट गेला नव्हता. काल साहेब फोनवर शांतपणे म्हणाले होते, "उद्या अकराच्या आत रिपोर्ट आला नाही, तर तुझ्या खुर्चीवर धवलला बसवतो." धवल एकदा बसला की उठायचा नाही, हे धनेश ओळखून होता.

वायफाय एक आणि भाऊबंदांची घरं चार. सगळ्यांचे मोबाईल आणि टीव्ही त्याच एका वायरीवर. "सगळ्यांना सांग, तासभर नेट वापरू नका," त्याने बायकोला, रचनाला गळ घातली.

रचनाच्या ते अगदी जिवावर आलं. याच वायफायच्या वाटणीवरून गणपतीत कडाक्याचं भांडण झालेलं. आता कोणत्या तोंडाने सांगणार? शेजारच्या यशोदाकाकींच्या दारात ती खाली मान घालून उभी राहिली. "काकी, तेवढा टीव्ही बंद ठेवाल का? आमच्याकडे जरा..." एवढं म्हणून उरलेलं तिने गिळलं आणि पुढच्या घराकडे वळली.

आता त्या आळीत टीव्ही बंद ठेवायला एकच कारण असतं. भाऊबंदांत कोणी गेलं की चारही घरं गप्प होतात. धनेशच्या आई, पुतळाबाई, आठवडाभर खोकत होत्या आणि सकाळपासून ओट्यावर दिसल्या नव्हत्या. त्या मागच्या वाडीत केळफुलं काढत होत्या, पण मागे जाऊन बघतो कोण!

चार टीव्ही बंद झाले आणि आकडे धावायला लागले. धनेश स्क्रीनला डोळे लावून बसला. मान वर करून बघतो तर ओटीवर माणसं येऊन बसलेली. कोणाच्या हातात मोबाईल नाही, कोणी अवाक्षर काढत नाही. त्याला गहिवरून आलं. भांडली तरी वेळेला उभी राहतात, आपलीच माणसं शेवटी. यशोदाकाकी तर पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या होत्या.

हरेश्वरकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आळीतली एकही अंत्ययात्रा त्यांच्यावाचून निघाली नव्हती. "फार वेळ लावायचा नाही रे," ते हळूच म्हणाले. "अकराच्या आत उरकू."

"साहेबही तेच म्हणाले, काका," धनेश म्हणाला. काकांना त्याच्या साहेबांचं कौतुक वाटलं.

रिपोर्टाचं शेवटचं पान भरायचं राहिलं होतं. तेवढ्यात मागच्या दाराने पुतळाबाई आल्या. ओटीवरची माणसं पाहून त्यांनी टोपली खाली ठेवली, यशोदाकाकींच्या शेजारी बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून रडायला लागल्या. रडता रडता त्यांनी विचारलं, "कोण गं गेलं?"

काकींच्या हातून पातेलं निसटलं. हरेश्वरकाका मात्र दुखावले. "मी बांबू तोडून आणलेत," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "आणि भिंतीवरच्या कंपनीच्या कॅलेंडरावर नंबर बघून याच्या ऑफिसातही कळवलंय."

धनेशने स्क्रीनकडे पाहिलं. आकडे थांबले होते. कंपनीशी संपर्क होत नाही, असं तिथे आलं होतं. लगेच धवलचा फोन आला. आवाज जड होता. साहेबांनी आईंसाठी कारखाना बंद ठेवला होता, सर्व्हरसकट सगळं बंद करून स्टाफ टेम्पोत बसला होता आणि टेम्पो वटारच्या वाटेला लागलाही होता. आता बोला!

"खुर्ची गेली, आई," धनेश म्हणाला, आणि काय झालं ते सांगितलं. पुतळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तुझ्या साहेबांनी मला कधी बघितलंय?"

"नाही."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

साहेब आले तेव्हा भिंतीला उरल्यासारखे दोन बांबू टेकलेले होते आणि धनेश खरोखरच रडत होता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "आमच्यात फार वेळ ठेवत नाहीत, मघाशीच उरकलं," हरेश्वरकाका छपराकडे बघत म्हणाले. साहेबांनी मान डोलावली आणि धनेशला जवळ घेतलं. "तेरावं होईपर्यंत रिपोर्टचं नाव काढायचं नाही. खुर्ची तुझीच आहे."

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात रडणाऱ्या म्हातारीकडे गेलं. त्यांनी हात जोडले. "आजी, तुम्ही त्यांच्या कोण?"

"धाकटी बहीण," पुतळाबाई म्हणाल्या. आणि त्यांना खरंच भरून आलं. "फार सोसलं हो तिनं. या पोरासाठी काय काय केलं, सांगून खरं वाटायचं नाही तुम्हाला."