झग्याची खरडपट्टी

कतरीनबाय विहिरीवर झग्याशी भांडायची. झगा फादरचा, पांढराशुभ्र, गळ्यापासून पायापर्यंत बटणं. लग्न होऊन मी कांदिवलीच्या गावठाणात तिच्या शेजारी राहायला आले. पहिल्या दिवशी तिचा आवाज ऐकून रिकामी कळशी घेऊनच परतले होते.

"मेल्या, परत सायकलच्या चेनीचं तेल? आणि बाहीला कालवण! लोकांकडे हादडतोस, तरी वाळलास बघ कसा!" असं म्हणून ती झगा धोंड्यावर आपटायची. आत कोणी असता तर त्याचं काही खरं नव्हतं. मग पिळून दोरीवर टाकला की छातीवरच्या सुरकुत्या हाताने हळूहळू सारख्या करायची.

पुढे कळलं, फादर पास्कल तिचाच मुलगा. कुर्ल्याच्या चर्चमध्ये असायचे. महिन्यातून एकदोन सोमवारी मळका झगा पिशवीत घालून घरी यायचे. ते दारात दिसले की कतरीनबाय उठून उभी राहायची, त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायची, पदराने खुर्ची पुसायची. "बसा, फादर. जेवा, फादर."

"आई, मी पास्कू ना गं?"

"पास्कू माझा होता. तुम्ही देवाचे."

आता देवाच्या माणसाला रागवायचं कसं? मग सगळं झग्याला ऐकावं लागे.

झग्याची दोनतीन बटणं दर खेपेला तुटलेली असायची. कतरीनबायला सुईचं भोक दिसत नसे. "सुशे, ये गं," अशी हाक आली की मी दोरा ओवून द्यायला जायची. मला ते काम आवडे. फार बोलावं लागत नसे.

एका सोमवारी फादर म्हणाले, "आई, बदली झाली. डहाणूच्याही पुढे, जंगलात. आता येणं कधी होईल, सांगता येत नाही."

"देवाची मर्जी, फादर," ती म्हणाली आणि झगा घेऊन विहिरीवर गेली. त्या दिवशी तिने झग्याला एक शब्द ऐकवला नाही. नुसती घासत राहिली. मला वाटलं, हिने भांडावं.

दुपारी बटणं लावायला बसलो. पाच गेली होती. मी नीट पाहिलं, दोरे तुटलेले नव्हते. ब्लेडने सरळ कापलेले होते. माझ्याने राहवलं नाही.

"कतरीनबाय, ही कोणीतरी मुद्दाम कापलीत."

"हळू बोल. आत झोपलाय तो." फादरना ती 'तो' म्हणाली. "मला काय दिसत नाही होय? मोठे फादर सारखं घरी सोडत नाहीत. त्यांना सांगायला काहीतरी हवं ना!"

एरवी ती एकेका बटणाला पाचसहा टाके घालायची. त्या दिवशी प्रत्येकाला एकच घातला.

"अगं, ही तिथे पोचेपर्यंत गळतील," मी म्हटलं.

"गळू देत," ती म्हणाली. "तिकडे जंगलात ब्लेड नाही मिळालं तर?"