दीपमालाचा समतोल विकास

सीमाभाग हॉकी विकास मंडळाने एकमताने ठराव केला, की होतकरू खेळाडूंना मुख्य संघात बोलावले जाईल, परंतु त्यांच्या विकासाचा समतोल कोणत्याही परिस्थितीत ढळू दिला जाणार नाही. ठराव कानडीत मांडला गेला, त्याला मराठीत अनुमोदन मिळाले आणि चहा दखनीत मागवला गेला. मंडळाचा मुख्य संघ बीदरला असतो आणि त्याच्या हाताखाली तालुक्यातालुक्यात एकेक लहान संघ. खाली खेळून पोरगी तयार झाली की तिला वर घ्यायचे, इतकी साधी सोय. सोय साधी असली की ती बिघडवायला एक समिती लागते. ती मंडळाकडे होती आणि तिचे नाव विकास समतोल समिती होते.

पहिले बोलावणे आले ते मंठाळच्या दीपमालाला. माणिकराव आणि सुभद्राबाईंची ही थोरली. गायरानातले दगड वेचून केलेल्या मैदानावर ती खेळायला शिकली होती, त्यामुळे चेंडू कुठून कसा उसळेल याचा अंदाज तिच्या पायांनाच होता. बसवकल्याण तालुक्याच्या संघात ती आघाडीला खेळे. तिने स्टिक उचलली की समोरची गोलरक्षक आधी बाजूला व्हायची आणि मग विचार करायची. दीपमालाला एकच गोष्ट हवी होती. राज्याच्या निवड चाचणीला जायचे तर मुख्य संघाकडून निदान एक सामना खेळलेला असावा लागतो आणि वय एकविसाच्या आत असावे लागते. तो एक सामना मिळाला की पुढचे ती बघून घेणार होती.

बोलावणे आल्याचे कळताच मंठाळने सत्कार ठेवला. आपल्याकडे माणसाने काही केल्यावर त्याचा सत्कार करण्याची पद्धत पूर्वी होती. आता तो काही करण्याच्या बेतात असतानाच उरकून घेतात, न जाणो पुढे काही केलेच नाही तर संधी हुकायची. चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याकडे हॉकीची तयार चित्रे नव्हती, म्हणून त्याने दीपमालाचे डोके एका क्रिकेटवाल्याच्या धडावर बसवले. गावाचे पुढारी आप्पाराव यांनी तिला शाल पांघरली, नारळ दिला आणि तिन्ही भाषांत आशीर्वाद दिला. सुभद्राबाईंच्या दाराकडे जे कधी फिरकले नव्हते, तेही शाली घेऊन दारात आले. चहाचे विचारले तेव्हा मात्र सगळ्यांचा चहा आत्ताच झालेला होता.

बीदरला दीपमालाची गाठ भीमण्णांशी पडली. भीमण्णा म्हणजे संघाचे प्रशिक्षक, मंडळाचे चिटणीस आणि समतोल समितीचे अध्यक्ष. तिघांचे एकमेकांशी कधीही मतभेद होत नसत.

"हे बग पोरी," ते तिला बाकावर बसवून म्हणाले, "भाकर तव्यावर टाकली की लगेच उलटायची न्हाई. मोडती."

"मग कवा उलटायची, अण्णा?"

"ते समिती बघल. तू बस."

दीपमाला लहानपणापासून भाकऱ्या थापत आली होती. वेळेत उलटली नाही तर भाकरीचा कोळसा होतो, हे तिला ठाऊक होते. पण अध्यक्षांना भाकरी शिकवण्याची पद्धत नसल्यामुळे ती बसली.

बाकावर तिचा विकास सुरू झाला. तिने पाण्याच्या बाटल्या भरल्या, लिंबे कापली, टाळ्या वाजवल्या. काही दिवसांनी समितीच्या लक्षात आले, की पोरगी नुसती बसून गंजेल. तिला खेळता ठेवण्यासाठी परत तालुक्याला पाठवण्यात आले. दीपमाला आनंदाने बसवकल्याणच्या मैदानावर आली तर तिथले प्रशिक्षक संगमेश्वर तिला बघून हात जोडून उभे राहिले.

"तू आता वरची, माय," ते म्हणाले. "तू हितं खेळायलीस तर ल्हान पोरींचा विकास कवा व्हायचा? आन तुजा पाय मोडला तर बीदरला जाब कोन देनार?"

"मग मी काय करू, सर?"

"बस की. सावलीला टाकलाय बाक."

अशा रीतीने ती वरच्या बाकावर बसू लागली आणि खालच्याही. वर गेली की तयार नाही म्हणून, खाली आली की फार तयार म्हणून. भीमण्णांनी मंडळाला अहवाल दिला, की सदर खेळाडूची बैठक पक्की होत असून सामन्याचे दडपण तिच्यावर अजिबात दिसून येत नाही. दोन्ही बाकांवरचा काळ सारखाच भरत असल्याने समतोल उत्तम राखला गेला आहे. मंडळाने समाधान व्यक्त केले. शेजारच्या एका जिल्ह्यातून तर ही पद्धत पाहायला पाहुणे आले. त्यांना दीपमालाला बसलेली दाखवण्यात आले.

वर बोलावणे आले की मंठाळ दर खेपेला सत्कार करी. न केला तर पोरीवरची माया कमी झाली असे दिसले असते. घरात शाली ठेवायला जागा उरेना, तेव्हा सुभद्राबाईंनी त्या जोडून वाकळ शिवायला घेतली. बापुडी रोज संध्याकाळी दोऱ्याचा टाका घालता घालता विचारायची, "दीपे, खेळलीस का गं?" आणि दीपमाला म्हणायची, "न्हाई माय. पर लई जवळून बघितलं."

आता प्रश्न असा, की होतकरू पोरी बाकावर असताना मैदानावर कोण होते? मैदानावर विजयश्री अक्का होत्या. संघाच्या कप्तान. त्यांची थोरली लेक कॉलेजात जात होती आणि उजव्या गुडघ्याला कायमचा पट्टा होता. दर वर्षी त्या निवृत्तीचा अर्ज करत आणि दर वर्षी तो सन्मानपूर्वक फेटाळला जाई. होतकरू तयार होईपर्यंत अनुभवी खेळाडूंना सोडता येत नाही, असा नियम होता. आणि अनुभवी खेळाडू असेपर्यंत होतकरूंना घाई करू नये, असा दुसरा.

"तू कामून बसायलीस गं?" एकदा सामन्याच्या मध्यंतरात त्या गुडघ्यावर बर्फ धरून दीपमालाला म्हणाल्या. "माज्या जाग्यावर जा. मी बसती तुज्या जाग्यावर. देवाशप्पथ, मला बसायची लई हौस हाय."

दोघींनी मिळून भीमण्णांना विचारले. भीमण्णा गंभीर झाले. दोन खेळाडूंनी आपापसात राजीखुशीने जागा बदलल्या तर समितीला काम काय उरेल, हा धोरणात्मक प्रश्न होता.

अशी वर्षे सरत आली. दीपमालाला एकवीस पूर्ण व्हायला थोडेच दिवस होते आणि त्याआधी एकच सामना उरला होता, बसवकल्याणच्या मैदानावर, कलबुर्गीकडच्या संघाशी. पहिल्या सत्रातच विजयश्री अक्कांचा गुडघा वाजला. तो आवाज प्रेक्षकांपर्यंत आला. अक्का खाली पडल्या आणि पडल्या पडल्या त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले, की डॉक्टरला वाटले माणूस गेला.

बाकावर दीपमालाशिवाय दुसरे कोणी नव्हते. भीमण्णांनी तिथेच मैदानाच्या कडेला समितीची तातडीची सभा घेतली. तीत ते एकटेच हजर होते, तरी चर्चा लांबली. अखेर मध्यंतरानंतर सदर खेळाडूस मर्यादित विकासासाठी आत सोडावे, असे ठरले. दीपमालाने बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या. इतकी वर्षे ज्यासाठी बसली होती ते आता रेषेपलीकडे, एका पावलावर होते.

नेमके तेव्हाच मैदानाच्या फाटकातून मंठाळचा टेम्पो आत आला. दीपमाला खेळणार ही खबर कुणीतरी फोनवर दिली होती. सगळ्यांत पुढे आप्पाराव, त्यांच्या हातात फेट्याचे कापड.

"पोरगी पयल्यांदा मैदानात उतरायली," ते भीमण्णांना म्हणाले, "आन बोडक्या डोक्यानं? आमच्या गावाची काय इज्जत ऱ्हाईल?"

"काका, नंतर करा की," दीपमाला म्हणाली. "मध्यंतर संपायलंय."

"दोन मिन्टाचं काम हाय, पोरी. तू नुसती हुबी ऱ्हा."

ती उभी राहिली. फेटा बांधायला सुरुवात झाली. फेटा मनासारखा बसेना, म्हणून सोडून पुन्हा बांधला. मग शाल, हार, नारळ आणि आप्पारावांचे दोन शब्द. ते मराठीत झाले, तेव्हा कलबुर्गीच्या पाहुण्यांसाठी कानडीत सांगणे आले. ते सांगणाऱ्याने स्वतःचेही दोन शब्द घातले, म्हणून ते मराठीत आणणे आले. मैदानाची देखभाल करणाऱ्या चाचांना डावलले असे व्हायला नको, म्हणून ते दखनीत बोलले आणि खरे तर सगळ्यांत बरे बोलले. एवढ्यात कलबुर्गीकडच्या लोकांत कुजबुज सुरू झाली. त्यांच्या बाकावरही निंबर्ग्याची अंजू नावाची एक होतकरू मुलगी होती आणि तिला कोणी साधा हार घातला नव्हता. हा सरळसरळ जिल्ह्याचा अपमान होता. त्यांनीही माणूस पाठवून बाजारातून शाल आणली.

पंचाने शिट्टी तोंडाला लावली तसे आप्पारावांच्या लक्षात आले, की पंचाचा सत्कार राहिलाच. त्याच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात गुच्छ दिल्यावर शिट्टी धरायला हात उरला नाही. माणूस भिडस्त होता, तो नारळ घेऊन उभा राहिला.

सूर्य मावळला. मैदानाला दिवे होते, पण त्यांचे उद्घाटन व्हायचे होते आणि खांबांना फिती बांधलेल्या होत्या. उद्घाटनाआधी दिवा लावणे शिष्टाचारात बसत नव्हते. पंचाने चेंडू दिसत नसल्याचे जाहीर केले आणि सामना तिथेच थांबवला. दोन्ही संघ विजयी घोषित झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दीपमाला रेषेबाहेर उभी होती. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ, काखेत स्टिक. तिला रडू आले आणि तिने ते लपवले नाही.

"मला खेळायचं व्हतं, काका," ती म्हणाली.

"रडायलीस कामून?" आप्पारावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा जीव खरोखरच कळवळला होता. "एवढा मोठा सत्कार झाला. खेळलीस असंच समज की."

दीपमालाने शाल काढून त्यांच्या खांद्यावर ठेवली. मग ती रेषा ओलांडून अंधुक उजेडात मैदानात गेली, हातातला नारळ डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, रेषेवर ठेवला आणि दोन पावले मागे घेऊन स्टिक अशी घातली, की नारळ जमिनीवरून उसळून सरळ गोलपोस्टाच्या आडव्या दांडीवर जाऊन फुटला. तेवढ्या वर्षांचा राग त्या एका फटक्यात होता.

"वा," भीमण्णा म्हणाले. "नारळ बी फुटला. शुभारंभ झाला."

लोक धावले. ज्याच्या त्याच्या वाट्याला खोबऱ्याचा तुकडा आला. पंचालाही दिला.

राज्याच्या निवड चाचणीसाठी दीपमालाचे नाव गेले नाही. फेटा बांधून झाला होता, परंतु सामना चालू असताना तिचे पाय रेषेच्या आत नव्हते, असा शेरा समितीने जड अंतःकरणाने मारला. लवकरच तिला एकवीस वर्षे पूर्ण झाली आणि मंडळाने 'आजन्म होतकरू' हा नवा पुरस्कार काढून तिला दिला. होतकरू खेळाडूने बोलावणे येताच गोलपोस्टावर नारळ फोडण्याची प्रथा आता सगळ्या तालुक्यांत रूढ झाली आहे. विजयश्री अक्का अजून कप्तान आहेत. त्यांचा डावा गुडघाही आता अनुभवी झाला आहे.

हे वाचून तुम्हाला दीपमालाचे कौतुक वाटले असेल, थोडी हळहळही वाटली असेल. ती रोज सकाळी गायरानात एकटीच खेळते. खेळायचे वय सरले असे मंडळ म्हणते, पण तिच्या पायांना तसे कोणी कळवलेले नाही. समोरून चेंडू अडवायला कोणी नसल्याने प्रत्येक फटक्यामागे ओढ्यापर्यंत धावत जाऊन तिलाच चेंडू आणावा लागतो. कोणी तासभर समोर उभे राहील का, असे तिने गावात साऱ्यांना विचारून पाहिले. साऱ्यांना तिचा अभिमान आहे. वेळ कोणालाच नाही.

तुम्हाला आहे का? नसेलच, तुमची कामे आम्हाला माहीत आहेत. पण तिचा जाहीर सत्कार ठेवला तर येत्या रविवारची संध्याकाळ तुम्ही मोकळी कराल, हेही माहीत आहे. या तर मग. शाल तेवढी आणू नका, सुभद्राबाईंची वाकळ पुरी झाली आहे.