भोवऱ्याला भोवरा

शिवकन्येची सोयरीक झाली ते साल अठ्ठ्याण्णव. तुळशीचं लग्न लागलं आणि त्याच आठवड्यात मोहनसिंग राठोड आपली माणसं घेऊन सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावर आला. मुलीचा बाप सेवा जाधव. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी धरणावर मासे धरून चालायचं. मोहनसिंगनं आपल्या मुलासाठी शिवकन्या पसंत केली, गूळ वाटला गेला. मग त्यानं कोपऱ्यात बसलेल्या तिच्या भावाकडं, जगनकडं बघून विचारलं, "हे पोरगं काय करतं मुंबईला?"

हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नसे, कारण उत्तर लांब होतं.

"भोवऱ्याचा अभ्यास करून राहिलो, मामा," जगन म्हणाला.

"पाण्यातल्या?"

"न्हाई, हेलियममधल्या. तो एक वायू असतो. लई थंड केला की पातळ होतो. त्याहून थंड केला की त्याचं घासणंच बंद होतं. मग भांडं हळू फिरवलं तरी तो आत उगा बसून राहतो. जोरात फिरवलं की त्याच्यात बारके भोवरे उठतात. सगळे बराबर एका मापाचे. अर्धा न्हाई, दीड न्हाई. अन् एकदा उठला की फिरतच राहतो."

"मंग त्याचं काय करता?"

"बघतो."

"सरकारनं तुला भोवरा बघायला ठेवलंय?"

"व्हय."

"अन् एवढ्या थंडीत राहतो," जगनची आई जिवनबाई चुलीजवळून म्हणाली, "पण मी विणलेला स्वेटर काही नेत न्हाई."

पाहुणे हसले. सेवाला ते हसणं लागलं. तो मांडी बदलून बसला आणि म्हणाला, "इवाई, धरणाच्या दाराखालच्या डोहातला भोवरा तुमी पाह्यला न्हाई का? मोठमोठे ओंडके गिळतो. तसले भोवरे माझ्या पोराच्या हाताखाली राहतात."

हे वाक्य तो बोलला नसता तर पुढचं काही झालं नसतं.

अमावास्या जवळ आली तेव्हा मोहनसिंगचा धाकटा भाऊ ओमप्रकाश नाहीसा झाला. सकाळी बैल धुवायला जातो म्हणून घरातून निघाला तो परतला नाही. बैल आपले आपण घरी आले. माणसं शोधत धरणावर गेली, तर दाराखालच्या डोहाच्या काठावर त्याच्या चपला जोडीनं ठेवलेल्या, त्यावर पंचा घडी करून. समोर भोवरा फिरत होता. आता कोणाला काही विचारायची गरज उरली नाही.

प्रेत मात्र वर येईना. पट्टीचे पोहणारे बुड्या मारून थकले. प्रेत नाही म्हणजे अग्नी नाही, अग्नी नाही म्हणजे तेरावा नाही, आणि सुतक फिटल्याशिवाय त्या घरात लग्न नाही. त्यात मोहनसिंगची आई भिकाबाई ओमप्रकाशच्या चपला पदरात धरून बसली होती. तिनं चपलांना कुंकू लावलं होतं. ती एकच म्हणत होती, "ती पोरगी सून ठरली अन् माझं लेकरू गेलं. पांढऱ्या पायाची हाय. मोडा ती सोयरीक."

मोहनसिंग भला माणूस. पण आईपुढं भलेपणा किती टिकणार? अमावास्या सरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सेवाच्या दारात आला, खाली बसलाही नाही.

"इवाई, तुमीच म्हणले होते ना, भोवरे पोराच्या हाताखाली राहतात म्हणून? मंग सांगा त्याला, आमचा माणूस सोडवून द्यायला. माती हाती आली तर माय गप बसंल. न्हाईतर सोयरीक राहत न्हाई."

आत शिवकन्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. सेवानं जगनकडं पाहिलं. जगन सुटी वाढवून थांबला होता तो बहिणीसाठीच. तो उठला.

डोहावर तीन तांड्यांची माणसं जमली होती. मुंबईहून भोवऱ्याचा साहेब आलाय, ही बातमी हिंगोलीच्या जीपवाल्यांनी वाटेवर वाटली होती. भजेवाल्यानं गाडा आणून लावला होता.

"मामा, माझे भोवरे हे न्हाईत," जगन म्हणाला. "माझा भोवरा केसाहून बारीक. केसाच्या जाडीचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा."

"आमचा ओमप्रकाश केसाएवढा न्हवता," मोहनसिंग म्हणाला. "तू ह्या भोवऱ्याचं सांग."

सगळे जगनच्या तोंडाकडं बघू लागले. शिकलेल्या माणसाला अशा वेळी गप्प राहता येत नाही. त्याला जेवढं येत होतं तेवढं तो बोलला. "आमच्याकडं भोवरा मधेच कुठं संपत न्हाई. त्याची टोकं भिंतीला टेकलेली असतात. न्हाईतर तो आपल्यातच वळून कडं होतो."

"भिंतीला!" कोणीतरी ओरडलं. "माणूस भिंतीकडं गेला असंल!"

जगन नाही नाही म्हणेपर्यंत दहाबारा जण लांब बांबू घेऊन धरणाच्या भिंतीकडं धावले आणि पाण्यात ढोसू लागले. एका उंच माणसाचा बांबू पाण्याऐवजी वर लागला. तिथं आग्या मोहोळ होतं. पुढची सारी दुपार माणसं गोधड्या पांघरून धावत होती. भजेवाला गाडा सोडून पळाला आणि माशा त्याच्या कढईवर बसल्या.

माशा निवल्यावर लोक सुजलेल्या तोंडांनी परत जमले. आता त्यांच्या बोलण्यात राग होता. मोहनसिंगचा एक डोळा मिटला होता. उघड्या डोळ्यानं जगनकडं बघून तो म्हणाला, "दुसरं काही येतं का?"

"मामा, मला पाण्याचं येत न्हाई. खरं सांगतो."

"मंग त्या थंडीतल्या भोवऱ्याचं काय होतं? तिथं तो मोडतच न्हाई?"

"दोन भोवरे आडवे आले तर तुटतात," जगन थकून म्हणाला. "अन् टोकांची अदलाबदल करून पुन्हा जुळतात. लई जमले की नुसता गुंता होतो."

सेवा इतका वेळ बाजूला उभा होता. तो एकदम पुढं आला. "म्हंजे भोवऱ्याला भोवरा आडवा घातला की तुटतो?"

"बा, ते हेलियममधी."

"आरं, पण तुटतो ना?"

सेवानं आपली पत्र्याची नाव डोहात ओढली. जगननं नाव धरली. "बा, तू नको. पाणी गार हाय."

"मीच बोललो होतो तोंड वर करून," सेवा हळू म्हणाला. "शिवकन्येचं माझ्या तोंडानं मोडू नये."

तीन जण त्याच्याबरोबर बसले. दोघांनी पुढं वल्हवायचं, दोघांनी मागं, म्हणजे नाव जागच्या जागी फिरेल आणि नवा भोवरा उठेल. नाव फिरू लागली. काठावरून लोक ओरडत होते, "आणखी! आणखी!" भोवरा काही उठला नाही. पण नावेतल्यांना घेरी आली. एकानं काठ समजून पाण्यात पाय टाकला आणि नाव पालथी झाली.

तिघं धडपडत काठाला लागले. सेवा मात्र नाव सोडीना. नाव गेली तर मासे कशानं धरायचे? डोहाच्या कडेला गळ्याएवढ्या पाण्यात तो तिला धरून राहिला.

त्याच वेळी गर्दीच्या मागून एक माणूस भुईमुगाच्या शेंगा फोडत पुढं आला. पायात कोरे बूट होते. त्यानं भजेवाल्याला विचारलं, "काय शोधून राहिले हो?"

"ओमप्रकाश बुडाला."

"कोणता ओमप्रकाश?"

"मोहनसिंगचा भाऊ."

त्या माणसाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पण मोहनसिंगला तर एकच भाऊ हाय," तो म्हणाला.

भजेवाल्यानं वर पाहिलं आणि दुसऱ्यांदा गाडा सोडून पळाला.

ओमप्रकाशला सगळ्यांनी धरून मोहनसिंगपुढं उभं केलं. त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या मागं साडेसाती होती. एका जाणत्यानं उपाय सांगितला, की चपला आणि पंचा वाहत्या पाण्याकाठी सोडायचा, मागं वळून बघायचं नाही, कोणाला सांगायचं नाही आणि अमावास्या सरेपर्यंत घरी जायचं नाही. म्हणून तो अनवाणी गोरेगावला मानलेल्या बहिणीकडं गेला. अमावास्या सरली, बाजारात बूट घेतले. तिथं जीपवाला ओरडत होता, सिद्धेश्वरला साहेब भोवरा तोडून राहिला, चला बघायला. म्हणून आला.

"कोण बुडालं ते विचारलं न्हाई?" मोहनसिंगनं विचारलं.

"जीपमधी जागा न्हवती, दादा. मागं लटकून आलो."

काठावर बसून राहिलेली भिकाबाई उठली. पदरातल्या कुंकू लावलेल्या चपला तिनं हातात घेतल्या आणि लेकराला रडत रडत बडवू लागली. अशी त्याची टाकलेली साडेसाती घरी परत आली. लोक इतके हसले, की सुजलेली तोंडं दुखू लागली. मोहनसिंगनं तिथंच जाहीर केलं, की सोयरीक कायम. आणि भोवऱ्याचा साहेब अभ्यासाचा पक्का आहे, त्यानं पाण्याला हात न लावता माणूस आणून दिला.

सेवा पाण्यातून निघाला तेव्हा त्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. दात वाजत होते. जगननं आपला सदरा काढून त्याच्या अंगावर टाकला. जिवनबाईनं घरी तो स्वेटर काढला आणि नवऱ्याला घातला. तो त्याला बरोबर बसला.

खोकला गेला नाही. वैशाखात शिवकन्येचं लग्न लागलं, तेव्हा सेवा भर उन्हात स्वेटर घालून बसला होता. दोनदा हिंगोलीच्या डॉक्टरला दाखवलं. जगन औषध पाजताना सेवानं एकदा विचारलं, "तुझ्या तिकडं घासणं न्हाई म्हणतो. मंग भोवरा मरतो कशानं?"

"तेच तर शोधून राहिलो, बा. मरतो एवढं खरं. कशानं, ते पक्कं कळलं न्हाई."

"पण तुला काय वाटतं?"

"भोवऱ्याची दोरी थरथरते. मोठ्या थरथरीतून बारकी निघते, बारकीतून आणखी बारकी. शेवटी इतकी बारकी होते, की तिचा नुसता आवाज होऊन जातो."

सेवा बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "हे मोहनसिंगला सांगू नको. ऐकायला गाडा लावतील."

त्याच्या तिरडीला पहिला खांदा ओमप्रकाशनं दिला. बूट दारातच काढून ठेवले होते. परत जाताना न विसरता घालून गेला.

सेवा जाधव नव्याण्णव सालच्या ज्येष्ठात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी वारला. ओमप्रकाश राठोड अजून आहे.