पॉवर हाऊस, रायपूर, नागपूर, दुर्ग

बायकोला गाडी शिकवताना इंग्रजी अक्षरांऐवजी स्टेशनांची नावं वापरायची, हा निर्णय माझा एकट्याचा. त्या वेळी तो मला इतका आवडला होता की मी तो आमच्या पोलाद प्लांटमधल्या सगळ्या शिफ्टला ऐकवला. (आता शिफ्टमध्ये मला कुणी सल्ला विचारत नाही.)

झालं असं की वैभवीला जामुलच्या एका शाळेत ऑफिसचं काम मिळालं. इतकी वर्षं घर सांभाळल्यावर बाई पहिल्यांदा नोकरीला निघाली होती. रुजू व्हायचं होतं सोमवारी. बसच्या पायऱ्या तिच्या गुडघ्याला चालत नाहीत आणि स्कूटर तिला चालत नाही. म्हणून बदली होऊन चाललेल्या एका अधिकाऱ्याची जुनी ऑटोमॅटिक गाडी आम्ही घेतली. क्लच नाही, गियर टाकायची कटकट नाही. फक्त एक दांडी आणि तिच्याजवळ चार अक्षरं, पी, आर, एन, डी.

पहिल्या दिवशी वैभवीची अक्षरांत गल्लत झाली आणि गाडी पेरूच्या झाडाला टेकली. तेव्हा मला सुचलं. मी म्हणालो, "हे पाह्य. पी म्हणजे पॉवर हाऊस. आपलं स्टेशन. गाडी उभी. मागं काय?"

"रायपूर."

"म्हणून आर म्हणजे मागं. आणि पुढं?"

"दुर्ग!"

"म्हणून डी म्हणजे पुढं."

"आन् नागपूर?"

"नागपूर म्हणजे तुझं माहेर. तिथं गेलं की मी काहीच करत नाही. ना पुढं, ना मागं. न्यूट्रल."

ती इतकी हसली की त्यानंतर तिची कधी चूक झाली नाही. आठवड्याभरात ती टाऊनशिपच्या रस्त्यांवरून छान गाडी फिरवू लागली. मी बाजूला बसायचो आणि म्हणायचो, "चल, दुर्ग." गाडी निघायची. आमच्या घरात ही भाषा अशी रुळली की अक्षरं आम्ही दोघंही विसरलो.

रुजू व्हायच्या आधीच्या गुरुवारी माझी सुट्टी होती. वैभवी पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन सिव्हिक सेंटरला गेली. तिकडून जमलं तर दुर्गला बहिणीकडे जाऊन येईन म्हणाली होती. थोड्या वेळानं फोन आला.

"अहो, गाडी अटकली."

"कुठं?"

"दुर्गमधी. धक्का बसला, काटा शून्यावर गेला, आन् आता वेग उचलूनच नाही राहिली."

"तू खरंच दुर्गमधी आहे?"

"नाही तं काय करू? नागपूरमधी टाकून पाहिलं, तिथंही काही नाही."

(हे ऐकूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. भाषा बनवणाऱ्यालाच ती समजू नये, असं क्वचितच घडत असेल.)

"हलू नको," मी ओरडलो. "मी येतो!"

पुढं काही विचारणार, तर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले आणि फोन बंद. परत केला, तिनं उचलला नाही. स्टिअरिंगवर असताना फोन उचलायचा नाही, हा नियमही माझाच.

मी सुपेल्याच्या गॅरेजवाल्या भय्याजीला गाठलं आणि त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून दुर्गकडे निघालो.

"साहब, दुर्ग में किधर?" भय्याजीनं विचारलं.

"दुर्गमध्ये," मी म्हणालो.

आम्ही स्टेशनचा रस्ता पाहिला, बाजार पाहिला, तलावाची बाजू पाहिली. मेहुणीच्या दारात गेलो. तिनं चहा टाकला आणि मग तीही घाबरली. तिनं नागपूरला आईला फोन लावला, आणि तिकडून सासऱ्यांनी मला दुर्गच्या पोलिसांत जाण्याचा सल्ला दिला. मी खरोखर ठाण्याच्या फाटकापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या बेबीताईंचा फोन आला.

"दिवाकरभाऊ, तुमची गाडी आमच्या फाटकासमोर आडवी हाय. आमच्या ह्यांले ड्युटीले जाचं हाय. आता गाडीवरून उडी मारतीन का?"

"गाडी? तिथं? आणि वैभवी?"

"ते तं गाडी कशीबशी रांगत इथवर आणून घरी गेली रडत. तुमी कुठं हा?"

भय्याजीनं सगळं ऐकलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "साहब, मैडम घर पे है. दुर्ग में तो आप ही हो."

घरी आलो तर गाडीची किल्ली खिळ्याला टांगलेली आणि वैभवी कणीक तिंबत बसलेली. ती एवढ्या जोरानं कणीक तिंबते तेव्हा मी सहसा बाहेरच्या खोलीत असतो.

"मले नाही जमत," ती म्हणाली. "मीच काहीतरी चुकीचं दाबलं असन. उद्या शाळेत फोन करून नाही म्हणून देतो."

"अगं, गाडीत बिघाड असन."

"तुमी शिकवत होते तवा कावून नाही झाला? मी एकटी गेली तवाच कावून?"

याचं उत्तर भय्याजी देईल म्हणून मी त्याला गाडी चालवून पाहायला लावलं. तोवर गाडी थंड झाली होती. त्यानं गल्लीला एक चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली.

"गाड़ी तो एकदम ठीक है," तो फाटकातूनच मोठ्यानं म्हणाला. "मैडम ने कुछ दबा दिया होगा."

स्वयंपाकघरातून परात आपटल्याचा आवाज आला.

आता मला रात्रभर झोप लागेना. बाईची नोकरी एका धक्क्यापायी चालली होती, आणि धक्का तिनं दिला की गाडीनं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण "काटा शून्यावर गेला" हे तिचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. प्लांटमधल्या लोखंड लाटायच्या मिलमध्ये माझं काम हेच आहे. फिरणाऱ्या रोलचा वेग सेन्सर सांगतो. सेन्सर खोटं बोलला की रोल ठीक असूनही अख्खी मिल वेड्यासारखी वागते. या गाडीच्या गियरबॉक्सलाही तसाच सेन्सर असणार. तो वेग सांगतो, त्यावरून गियरबॉक्स गियर बदलतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी एका मित्राकडून छोटा स्कॅनर आणला. स्टिअरिंगखाली खुपसला की गाडीच्या आतले आकडे मोबाइलवर दिसतात.

"चल," मी वैभवीला म्हणालो. "तू चालव, मी वाचतो."

"मी नाही बसत."

"मी चालवली तर बिघाड तुझ्यापायी होते का गाडीपायी, कसं समजन?"

हे तिला पटलं. पटलं म्हणजे ती चप्पल घालून आली.

आम्ही झाडांच्या मोठ्या रस्त्याला लागलो. मोबाइलवर दोन ओळी होत्या. गियरबॉक्समध्ये जाणारा वेग आणि बाहेर येणारा वेग. दोन्ही सुरेख चालले होते. एक फेरी झाली, दोन झाल्या, गाडी चांगली तापली. वैभवी तोंड घट्ट मिटून चालवत होती.

"शून्य!" मी किंचाळलो.

तिनं कचकन ब्रेक दाबला. "कोण आलं मधात?"

"कोणी नाही. शून्य आलं!"

"असं वरडतात का? जीव चालला होता माह्या!"

"अगं, गाडी पळून राहिली होती आणि सेन्सर म्हणे उभी आहे. इंजिन एक सांगते, चाक एक सांगते. गियरबॉक्सनं घाबरून एकच गियर धरला."

तिनं गाडी बाजूला घेतली. "घाबरून एकच धरून बसते?"

"हो."

"म्हणजे माह्यावाणीच हाय बिचारा."

पण भय्याजीला हे पटवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर वैभवीलाही. तिचा चेहरा अजून मोकळा नव्हता. शनिवारी गॅरेजात आधी वायर तपासली, ती धड होती. प्लग स्वच्छ होता. मग भय्याजीनं बाहेर येणाऱ्या वेगाचा सेन्सर काढला, मीटर लावला आणि विजयानं म्हणाला, "देखिए, सेंसर पास."

"थंड असताना पास," मी म्हणालो. "मी घरी नेऊ का?"

"ले जाइए. अचार डालिए."

घरी येऊन मी सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला, त्याची टोकं मीटरला जोडली आणि पिशवी गरम पाण्याच्या पातेल्यात सोडली. वैभवी मागं येऊन उभी राहिली.

"हे काय शिजवून राहिले?"

"सेन्सर."

"मीठ टाकलं का?"

मीटर पी-पी करत होता, म्हणजे आतली तार जोडलेली होती. पाणी तापत गेलं. पिशवीभोवती बुडबुडे आले. आणि अचानक मीटर गप्प झाला. पिशवी बाहेर काढली, पंख्याखाली धरली. निवल्यावर पुन्हा पी-पी. परत पाण्यात. परत गप्प.

वैभवीनं गॅस स्वतःच्या हातानं मोठा केला, बारीक केला, तिसऱ्यांदाही करून पाहिलं. मीटर गप्प झाला तेव्हा ती एकदम म्हणाली, "म्हणजे मी नव्हती!"

"तू नव्हती."

"मी काहीच चुकीचं नव्हतं दाबलं!"

"काहीच नाही."

तिनं खिळ्यावरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि मग म्हणाली, "ते पातेलं आता तुमच्या चहाचं. माह्या नाही."

रविवारी नवा सेन्सर बसला. भय्याजी मागच्या सीटवर, वैभवी बाजूला मोबाइल धरून. पहिली ट्रायल मी घेणार, असं मी जाहीर केलं. बिघाड मी शोधला होता, आणि जबाबदारी म्हणून काही असतं.

निघालो. पहिल्याच वळणाशी वेग कमी केला आणि गाडीनं असा गचका दिला की भय्याजी पुढच्या सीटवर आदळला.

"सेन्सर?" मी घाम पुसत विचारलं.

"बरोबर हाय," वैभवी म्हणाली. "दोन्ही आकडे बरोबर."

पुन्हा निघालो. सायकलवाला आला म्हणून वेग कमी केला. पुन्हा गचका.

"आता?"

"एकदम बरोबर."

तिसऱ्या गचक्याला भय्याजी डोकं धरून म्हणाला, "साहब, आपका बायाँ पैर क्या कर रहा है?"

तिघांनीही खाली पाहिलं. माझा डावा पाय, पंचवीस वर्षं क्लच दाबायची सवय असलेला, ब्रेकवर उभा होता. आणि तेव्हा मला उमगलं की ही गाडी मी आजवर एकदाही चालवली नव्हती. अधिकाऱ्यानं ती दारात आणून दिली, मग वैभवी बसली. मी फक्त बाजूला बसून शिकवली होती.

वैभवी दार उघडून फिरून आली आणि मी बाजूला सरकलो. उरलेली ट्रायल तिनं घेतली. भय्याजीला झोप लागली, इतकी ती सुरेख झाली.

सोमवारी सकाळी ती साडीला पिन लावून, डबा घेऊन निघाली. "चला, गेटवर सोडतो तुमाले." मी पुढं बसायला गेलो, तर म्हणाली, "मागं बसा. पुढं तुमचे पाय चालतात."

मी मागं बसलो. शिफ्ट सुटायची वेळ, रस्त्यावर सायकलींचा पूर आलेला. तिनं त्यातून गाडी अशी नेली की कुणाला घंटी वाजवावी लागली नाही. प्लांटच्या गेटसमोर, सगळ्या शिफ्टच्या देखत, तिनं अलगद गाडी उभी केली. मी पुढच्या सीटखाली पाय रोवून बसलो होतो.

आरशात न पाहताच ती म्हणाली, "क्लच दाबून झाला असन तं उतरा आता. मले उशीर होऊन राहिला."