आतून वॉर्निश

सूनबाईनं बाटलीचं झाकण उघडलं आणि वॉर्निशकाकांचा चहाचा कप ओठांपर्यंत येऊन तिथंच थांबला. वास ओळखीचा होता. फक्त तो जेवणाच्या टेबलावर येईल असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं.

"हे काय आणलंस?"

"पेरिलाच्या बियांचं तेल, बाबा. हृदयाला चांगलं असतं. ओमेगा थ्री ठासून भरलेलं. आजपासून सकाळी एकेक चमचा, तुम्ही आणि आई. तापवायचं नाही, कच्चंच घ्यायचं. आणि फ्रिजबाहेर ठेवायचं नाही, लवकर खवट होतं."

"तू घेणार?"

"मला नाही जमणार. वासानंच मळमळतं."

काकांनी कप खाली ठेवला. म्हणजे आणणारी पिणार नाही, पिणाऱ्यांनी विचारायचं नाही. छान!

त्यांना वॉर्निशकाका म्हणत ते उगाच नव्हे. सारी हयात लोकांची दारं, कपाटं, टेबलं चमकवण्यात गेली. त्यांनी हात फिरवलेल्या कपाटात बघून बायका कुंकू लावत. आणि हे पेरिलाचं तेल त्यांनी डबेच्या डबे वापरलं होतं. भारी वॉर्निश करायचं तर हेच तेल, लाकडावर असं वाळतं की वर पाणी सांडलं तरी लाकडाला पत्ता लागत नाही. पण लाकडावर! माणसाच्या पोटात नव्हे.

"माझं आज पोट बरं नाही," असं म्हणून त्यांनी चमचा बाजूला सरकवला. काकूंनी आपला चमचा घेतला आणि वर त्यांचाही घेतला. "पोरीनं एवढ्या मायेनं आणलंय, वाया कशाला घालवायचं?"

काका मुळातच संशयी. घड्याळात किती वाजलेत हे विचारून पुन्हा स्वतःच्या घड्याळात बघणारे. तरी सुनेवर त्यांचा जीव होता. ती घरात आल्यापासून कुणीतरी त्यांच्याशी बोलत होतं, मुलगा तर नुसता हुंकार देई. म्हणूनच हा संशय त्यांना जास्त लागला. त्यात भर अशी, की सूनबाई नोकरीला विमा कंपनीत, आणि गेल्याच महिन्यात तिनं घरातल्या सगळ्यांचे विमे उतरवले होते.

तरी पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. बाल्कनीच्या काचेवर त्या तेलाचा एक थेंब बोटानं पसरला. रोज सकाळी नख लावून बघायचे. आधी तेल चिकट झालं, मग घट्ट झालं, आणि एके दिवशी नखाबरोबर त्याचा अख्खा पापुद्रा निघून आला. तो पापुद्रा घेऊन ते तडक स्वयंपाकघरात काकूंकडे गेले.

"अगं, हे बघ! ते तेल वाळतंय!"

"मग वाळू दे की. पावसाळा थोडाच आहे?"

"काचेवर पापुद्रा धरला त्यानं. उद्या तुझ्या आतड्यांवर धरला म्हणजे?"

"धरू दे. बाहेरून काही तुमच्या घरात मी कधी चमकले नाही, आतून तरी चमकेन." काकूंनी पदराला हात पुसले. "आणि माझ्या सुनेच्या तेलाला नावं ठेवायची नाहीत. गुडघा निम्मा बरा झालाय माझा."

आता बोलण्यात अर्थ नव्हता. बायको डोळ्यांदेखत आतून वॉर्निश होत होती आणि वर खुशीत होती. तिला वाचवायचं तर गुपचूपच वाचवायला हवं. काकांनी ती बाटली मुरंब्याच्या बरणीत रिकामी केली आणि बाटलीत रोजच्या स्वयंपाकाचं तेल भरून ठेवलं. सूनबाई वासामुळे बाटलीजवळ फिरकतच नव्हती. काकू तर दुसऱ्या दिवशी चमचा चाटून म्हणाल्या, "आता कशी चव कळायला लागली बघा या तेलाची!" काकाही निर्धास्त होऊन चमचा घेऊ लागले. सूनबाई खूश झाली आणि तिनं दुसरी बाटली आणली. मग तिसरी. त्यांचंही तेल बरणीत गेलं.

प्रश्न होता बरणीतल्या तेलाचा. एवढं अस्सल तेल मोरीत ओतायचं? काकांचा हात धजेना. घरात कुणी नसलं की ते बाल्कनीतली जुनी खुर्ची पुढ्यात घेत आणि फडक्यानं तेल जिरवत बसत. खुर्ची दिवसेंदिवस नवरीसारखी दिसायला लागली. तेलाचं फडकं मात्र ते पसरून वाळवत, चुकूनही त्याचा बोळा करत नसत. बोळा केला की असलं तेल वाळता वाळता आतल्या आत तापतं आणि कधी पेट घेतं. यावरून त्यांनी हाताखालच्या कितीतरी माणसांना फैलावर घेतलं होतं.

पण चोराच्या मनात चांदणं. त्या रविवारी सकाळी फडकं हातात असताना सूनबाईची पावलं बाल्कनीकडे आली. काकांची गाळण उडाली. त्यांनी फडक्याचा बोळा केला, धुवायच्या कपड्यांच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत तळाशी कोंबला आणि आकाशाकडे बघत उभे राहिले.

"काय बघताय, बाबा?"

"ढग."

"कुठायत?"

"गेले आत्ताच."

जेवणं झाली, काका आडवे झाले आणि बोळा साफ विसरले. दुपारी मुलाच्या नाकात जळका वास गेला. "कुणी काही करपवलंय का?" एवढं म्हणेपर्यंत बाल्कनीतून धुराचा लोट आत आला. मुलानं बादली ओतली, काकूंनी पिण्याच्या पाण्याचा तांब्या ओतला, सूनबाईनं टोपली लाथेनं उलटी केली. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई नाकाला रुमाल लावून धावत आल्या. टोपली वितळली, मुलाचा ऑफिसचा शर्ट गेला, बाकी सगळे वाचले. तळातून निघालं ते काळंठिक्कर फडकं.

"हे कुणाचं?" सूनबाईनं विचारलं.

काकांनी ढगांकडे पाहिलं. ढग नव्हते. मग त्यांनी सगळं सांगितलं. वास, पापुद्रा, बरणी, खुर्ची, सगळं. विम्याचंही त्यांच्या तोंडून निसटलं.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अहो काका, तेल तेच. चांगलं साफ केलेलं असलं तर खाता येतं आणि लाकडालाही चालतं. पोटात ते पचतं, पापुद्रा काचेवर धरतो!" मग त्यांचा चेहरा बदलला. "पण काकूंना कुणी दिलं ते? त्यांची रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आणि या तेलानंही रक्त पातळ होऊ शकतं. असलं काही रोज घ्यायचं तर आधी मला विचारायचं. काकांनी बदललं ते एका परीनं बरंच झालं."

"म्हणजे मी एवढे दिवस साधं तेल पीत होते?" काकू खुर्चीवर टेकल्या आणि त्याच घटकेला त्यांचा गुडघा पूर्ववत दुखायला लागला.

सूनबाई मात्र हसली नाही. "न विचारता दिलं, चुकलं माझं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली आणि आत निघून गेली. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांना सांग, चहा झालाय." बाबा नाही, त्यांना! तो एक शब्द काकांना आगीपेक्षा जास्त पोळला. रात्रभर त्यांनी माफीची वाक्यं जुळवली, पण सकाळी एकही तोंडातून फुटेना.

शेवटी ते स्वतःच उठले, फ्रिजमधून नवी कोरी बाटली काढली आणि सूनबाईसमोर चमचा धरला. "मला तर गोळी नाही ना? ओत."

सूनबाईनं चमचा काठोकाठ भरला. काकांनी डोळे मिटून तो तोंडात रिकामा केला.

"आ करा," ती म्हणाली.

"गिळलं गं."

"आ करा."

काकांनी आ केला. तिनं त्यांना खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं.

"जीभ वर."

काकांनी जीभ वर केली.

"गालात धरून ठेवलं असेल. काहीतरी बोला बघू."

काकांनी घसा खाकरला. "चुकलो, पोरी."

सूनबाई त्यांच्याकडे तशीच संशयानं बघत राहिली.

"नीट ऐकू आलं नाही, बाबा," ती म्हणाली. "पुन्हा बोला."