जागा नसल्याचा बोर्ड

मुलुंडच्या 'प्राजक्ता' सोसायटीत गेटजवळ एका स्कूटरपुरती जागा होती आणि ती सहदेव परबांची होती. म्हणजे पाहुणे येईपर्यंत. रविवारी कुणाचा तरी जावई तिथे बुलेट घुसवायचा आणि परब बिचारे स्कूटर घेऊन गल्लीभर फिरायचे.

परब स्वतः कमिटीत होते; शेवटी त्यांनी मीटिंगमध्ये विषय काढला. "नाना, एक छोटासा बोर्ड लावूया. 'लिमिटेड लँड, पार्क आउटसाइड.' बस्स!"

चेअरमन नानांनी मान डोलावली. पण तिथे सुलक्षणाबाई बसल्या होत्या. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या.

"लँड? परब, आपण काय शेत विकतोय? 'लिमिटेड स्पेस' लिहा."

"बाई, खाली जमीनच आहे ना?"

जाहिरात कंपनीतला केतन म्हणाला, "दोन्ही रूड वाटतं यार. 'द स्पेस अव्हेलेबल हिअर इज लिमिटेड.' जरा प्रेमाने सांगा ना!"

नानांच्या कारकिर्दीत प्रत्येक ठराव एकमताने झाला होता. त्यांची रीत सोपी होती: सगळ्यांचंच मान्य करायचं. "तिन्ही लिहू. उगाच कुणाचं मन कशाला मोडा?" मग वर ठळक मराठी आलं, ते तर हवंच. खाली कमिटीची नावं आली. ती आजवर कुठल्या कमिटीने गाळली आहेत?

बोर्ड आला तो दरवाजाएवढा. भिंतीचं वॉटरप्रूफिंग नुकतंच झालेलं, त्यामुळे नाना तिथे खिळा ठोकू देईनात. म्हणून बोर्डाला लोखंडी पाय लावले आणि सोसायटीत उरलेल्या एकुलत्या एका मोकळ्या जागेत तो उभा केला.

संध्याकाळी परब कामावरून आले. स्कूटरवर बसूनच त्यांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. खाली त्यांचंही नाव होतं.

"वाक्य आता अगदी शुद्ध आहे," सुलक्षणाबाई समाधानाने म्हणाल्या.

"आणि गुण बघा!" नाना म्हणाले. "सकाळपासून एक पाहुणा आत शिरला नाही."

"ता सगळा खरा," परब मालवणीवर आले. "पण माका सांगा, आता मी गाडी खंय लावू?"

नाना जरा ओशाळले. "पुढच्या मीटिंगला घेऊ ना विषय. एकमताने करू काहीतरी."

परबांनी स्कूटर वळवली आणि शेजारच्या सोसायटीच्या गेटात घातली. तिथे गेटजवळ थोडी जागा होती. बोर्ड नव्हता.

वॉचमनने अडवलं. "कुणाकडे जायचंय, साहेब?"

"पाहुणा आहे," परब म्हणाले आणि त्यांनी स्कूटर स्टँडवर चढवली.